बरणीखालचा पक्षी

बोगुमिल सोसना यांच्या हातून आयुष्यात एकच पोस्टर झालं, आणि ते इतकं यशस्वी ठरलं की त्याची एकही प्रत उरली नाही.

यात अतिशयोक्ती नाही. पोस्टर रद्दीचं होतं. म्हणजे रद्दी गोळा करण्याच्या सरकारी मोहिमेचं. त्या काळी पोलंडमधल्या लुब्लिनच्या दुकानात टॉयलेट पेपर मिळणं ही लॉटरी होती. पण रद्दीचा गठ्ठा केंद्रावर नेऊन दिला, की वजनाप्रमाणे टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या हक्काने मिळत. माणसं त्या सुतळीत ओवून गळ्यात घालून घरी यायची. लग्नातल्या व्याह्याच्या गळ्यात हार असावा तशी, आणि चेहऱ्यावर भावही तोच. अशा नागरिकांसमोर सरकारने ‘जुना कागद परत करा’ हा संदेश जाड, वजनदार, उत्तम प्रतीच्या कागदावर छापून भिंतीभिंतीवर लावला. नागरिकांनी आज्ञा पाळली. पोस्टर लावणारा माणूस कोपऱ्यावर वळायच्या आत मागचं पोस्टर निघालेलं असे. काहींनी तर खळ वाळायचीही वाट पाहिली नाही, कारण ओल्या खळीने वजन वाढतं.

बोगुमिल तेव्हा तरुण होते. पोलाशी लग्न ठरलं होतं. एका रविवारी ते तिला आपलं पोस्टर दाखवायला चौकात घेऊन गेले. भिंतीवर पोस्टरचे चार कोपरे होते, मधे भिंत होती. पोला बराच वेळ त्या कोपऱ्यांकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, आधुनिक आहे. बोगुमिलनी स्वतःसाठी ठेवलेली प्रत पोलाने बघायच्या आतच सासूबाईंनी केंद्रावर नेऊन दिली आणि आलेली गुंडाळी जावयालाच दिली. देताना तिला लाल रिबीन बांधली होती.

त्यानंतर पोस्टरचं काम त्यांना कुणी दिलं नाही. त्यांनी मुरांब्याच्या बाटल्यांवरची लेबलं केली, आगपेट्यांवरची चित्रं केली आणि ‘हिरवळीवरून चालू नये’ ही पाटी केली. ती पाटी त्यांच्याच सोसायटीत अजून उभी आहे आणि लोक हिरवळीवरून चालतात. म्हणजे आयुष्यातलं एक काम लोकांनी जरुरीपेक्षा जास्त मनावर घेतलं आणि दुसरं अजिबात नाही. कलेचा समाजावर काय परिणाम होतो, या विषयावर त्यांना एवढाच अनुभव होता.

शेजारचा रोमुआल्ड मात्र या पोस्टरच्या अस्तित्वावरच शंका घ्यायचा. हा ट्रॉलीबसमधला निवृत्त तिकीट तपासनीस. उभ्या नोकरीत ‘आत्ताच इथे होतं हो’ हे वाक्य त्याने इतक्या लोकांकडून ऐकलं होतं की नसलेल्या कागदाबद्दल त्याला काही वाटेनासं झालं होतं.

“उस्ताद, मी या गावातली भिंत अन् भिंत खिडकीतून पाहिलीय,” तो म्हणायचा. “तुमचा तो पोस्टरवरचा राखाडी पक्षी कुठे दिसला नाही. तुमचा शब्द मी मानतो. पण तपासनीस म्हणून मानत नाही.”

असं सगळं सुरळीत, म्हणजे विसरल्यासारखं चाललं असताना, एका सकाळी गावातल्या चित्र-संग्रहालयातून कालिना नावाच्या अभ्यासक बाईंचा फोन आला. ‘भिंत आणि समाज’ असं जुन्या पोस्टरांचं प्रदर्शन त्या भरवत होत्या. रद्दी मोहिमेचं पोस्टर सोसना यांचं, हे त्यांना ठाऊक होतं. प्रत मात्र देशात कुठेच नव्हती. सरांकडे एखादी असेल का?

बोगुमिल म्हणाले, बघतो. त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आवाजात जे काही चमकलं, ते ऐकून स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी पोला थांबली.

“बोगुश, तू ‘बघतो’ म्हणालास,” ती म्हणाली. “मागच्या वेळी तू ‘बघतो’ म्हणालास तेव्हा आपल्याकडे कितीतरी दिवस नळ नव्हता.”

पण आता माघार नव्हती. भिंतीवर एकदा तरी आपलं नाव लागावं आणि पोलाला त्या चार कोपऱ्यांच्या मधलं काय ते दिसावं, एवढीच इच्छा होती. मागणी तशी लहान होती. लहान मागण्यांचंच पुढे फार होतं.

पहिला सल्ला रोमुआल्डने दिला: जिन्यातल्या फलकावर सूचना लावा, कुणाच्या तरी माळ्यावर असेल. बोगुमिलनी सुबक अक्षरात पानभर सूचना लिहिली आणि लावली. संध्याकाळी ती नव्हती. सोसायटीच्या कार्यालयात गेल्यावर तिथल्या बाईंनी सांगितलं की शिक्का नसलेला कागद आपण काढतो. शिक्क्यासाठी अर्ज लागतो. अर्जात सूचनेचा प्रकार लिहावा लागतो, आणि प्रकार तीनच आहेत: पाणीपुरवठा, निधन, आणि हरवले-सापडले. बोगुमिलनी पहिले दोन प्रकार विचारपूर्वक नाकारले. मग कळलं की हरवले-सापडलेची सूचना तळहातापेक्षा मोठी चालत नाही. मजकूर कापायचं काम रोमुआल्डने अंगावर घेतलं, कारण दंडाच्या पावत्या लिहून त्याला थोडक्यात लिहायची सवय होती. शिक्क्यासह जी सूचना लागली ती अशी: ‘राखाडी पक्षी शोधत आहे. बसलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी दिसला होता. सोसना, तिसरा मजला.’

पहिला फोन आला तो धीर द्यायला. पोपट फार जगतात, निराश होऊ नका, असं एका बाईंनी सांगितलं. दुसऱ्या एका गृहस्थांनी पक्षी बोलायचा का, आणि बोलायचा तर राजकारणावर बोलायचा का, हे खोलात जाऊन विचारलं. शनिवारी पलीकडच्या इमारतीतलं एक जोडपं बुटांच्या खोक्यात कबूतर घेऊन आलं. ते राखाडी होतं आणि बसलेलं होतं, हे नाकारता येत नव्हतं. बोगुमिलनी समजावून सांगितलं की आपला पक्षी कागदाचा आहे. जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं, पोलाकडे सहानुभूतीने पाहिलं, आणि खोकं तिथेच ठेवून ती दोघं निघून गेली. कबूतर चार दिवस बाल्कनीत राहिलं. ते मूळचं आजारी नव्हतंच, फक्त दमलेलं होतं. उडताना त्याने पोलाच्या वाळत घातलेल्या चादरीवर आपलं मत नोंदवलं.

“हे मात्र मला कळलं,” पोला म्हणाली. “समजावून सांगायला संग्रहालयातली बाई लागली नाही.”

बोगुमिलनी सूचना काढायचं ठरवलं. ती काढायलाही अर्ज लागतो, असं कळलं. ते कार्यालयातून मान खाली घालून परत येत होते, तेव्हा तळमजल्यावरचं दार उघडलं आणि डॉक्टर गेनोवेफा उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

या दातांच्या डॉक्टर. वय नव्वदीपलीकडे, कणा फळीसारखा सरळ. सोसायटीतले अर्धे दात त्यांनी काढलेले असल्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडताना अजूनही लोक दचकत. त्या कुणाला नावाने हाक मारत नसत. सगळे त्यांचे शेजारी.

“शेजारी, तो पक्षी पोत्यावर बसलाय का?” त्यांनी विचारलं.

बोगुमिलनी मान वर केली.

“माझ्या तळघरात आहे. बरण्यांखाली. तुमचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. खाली नाव इतकं बारीक काय म्हणून लिहायचं? लाजत होतात का?”

तळघरात प्रत्येक घराची एकेक जाळीबंद खोली होती. डॉक्टरबाईंच्या खोलीत काकडीचं लोणचं, आंबवलेला कोबी आणि आलुबुखारचा मुरांबा शिस्तीत उभा होता, रुग्णांसारखा. सगळ्यात रुंद फळीवर, बरण्यांच्या मधून, राखाडी पंखाचं एक टोक दिसत होतं. बोगुमिलनी हात पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो बाजूला सारला. अटी आधी, बरण्या नंतर. एक: या कागदाच्या बदल्यात एक गुंडाळी, कारण नियम तोच होता आणि त्यांच्या माहितीप्रमाणे तो कुणी रद्द केलेला नाही. दोन: फळीवर घालायला याच मापाचा दुसरा कागद, चांगल्यापैकी, वर्तमानपत्र चालणार नाही, कारण बरणीच्या बुडाला बातम्या चिकटतात.

बोगुमिलनी दोन्ही मान्य केलं. बरण्या उतरवताना त्यांची कंबर धरली, रोमुआल्डला बोलवावं लागलं, आणि त्याने पोस्टर उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासलं, जणू त्यावर तारीख शोधत होता.

“उस्ताद,” तो अखेर म्हणाला, “प्रवास वैध आहे.”

बोगुमिलनी दुकानातून टॉयलेट पेपरचा मोठा गठ्ठा आणला. डॉक्टरबाईंनी त्यातली एक गुंडाळी काढून घेतली आणि बाकीचा परत दिला.

वर घरी पोलाने पोस्टर जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि चष्मा लावला. घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा एक राखाडी पक्षी पोत्यावर बसला होता. पंख मिटलेले, मान किंचित खाली. बरण्यांमधून पाझरलेल्या खाऱ्या पाण्याची फिकट तपकिरी वर्तुळं त्याच्यावर उमटली होती. एक बरोबर डोळ्याभोवती होतं. इतकी वर्षं चार कोपऱ्यांवर संसार केलेली बाई आता मधलं बघत होती.

“मला वाटलं होतं, मोठा असेल,” पोला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कालिनाबाई आल्या. हुशार बाई, बूट काढून, हातमोजे घालून आल्या. पक्षी बसलेला का, हे त्यांनी पहिलंच विचारलं, आणि बोगुमिलनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. मुळात पक्षी उडत होता. डावीकडे. मजकुरावर नजर ठेवणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट करून विचारलं की हा पश्चिमेला का पळतोय. बोगुमिलनी तो उजवीकडे वळवला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला: पूर्वेला आपलं मित्रराष्ट्र, आणि हा तिकडे जाऊन पोत्यात शिरतोय? वर उडवला, तर त्यात धर्म दिसला. खाली झेपावला, तर उत्पादनाचे घसरते आकडे दिसले. शेवटी साहेबच काकुळतीला आले आणि म्हणाले, अहो, त्याला बसवा कुठेतरी, मलाही घरी जायचंय.

“म्हणजे व्यवस्थेने बसवलेला पक्षी,” कालिनाबाई लिहून घेत म्हणाल्या.

“छे छे, तसं काही नाही,” बोगुमिल म्हणाले. “त्याला कुठेच उडता येईना, एवढंच.” आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाई तेच म्हणतायत. समीक्षकाचं म्हणणं पटणं हा कलावंताच्या आयुष्यातला दमवणारा क्षण असतो.

मग बाई वर्तुळांकडे वळल्या. डोळ्याभोवतीचं वर्तुळ म्हणजे सतत रोखलेली नजर, हे त्यांच्या एका दृष्टिक्षेपात लक्षात आलं. बाकीची वर्तुळं म्हणजे जिथे सुरू झाली तिथेच येऊन संपणारी रांग. आणि तो मळकट तपकिरी रंग इतक्या धिटाईने वापरणारा दुसरा माणूस त्या काळात त्यांना माहीत नव्हता. बोगुमिलनी घसा साफ केला. ते ‘बाई, खरं म्हणजे’ एवढंच म्हणाले, तेवढ्यात कालिनाबाई समाधानाने पुढे म्हणाल्या की नशीब, ही मूळची आहेत. डाग असते तर संचालकांनी पोस्टर खणात ठेवायला लावलं असतं. खराब झालेली वस्तू भिंतीवर लावायची नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे.

टेबलाखाली पोलाचा पाय बोगुमिलच्या पायावर पडला आणि तिथेच राहिला. ‘खरं म्हणजे’च्या पुढे काही आलं नाही.

खोटं बोललो नाही, असं त्यांनी त्यानंतर स्वतःला रोज सांगितलं. पण न बोललेलं खोटंही बरणीसारखंच. खाली कुठेतरी वर्तुळ उमटवून जातं. त्यात जिन्यातल्या लोकांना अर्थ लावायचं व्यसन लागलं. संग्रहालयाने पक्ष्याचं चित्र घालून छापलेलं आमंत्रण प्रत्येकाने हाती घेतलं आणि प्रत्येकाला त्यात आपापलं काहीतरी दिसलं. रोमुआल्डने वर्तुळं म्हणजे ट्रॉलीबसची चाकं हे ठामपणे सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना तो पक्षी थेट त्यांचा पहिला नवरा वाटला, पोत्यासकट. आणि ज्या गावात प्रत्येक चित्रात टोमणा शोधायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, तिथे ‘हा नुसता पक्षी आहे’ म्हणणारा माणूस एक तर भित्रा ठरतो किंवा फार धूर्त. बोगुमिल फार धूर्त ठरले. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांना त्याचाही थकवा आला.

उद्घाटनाला त्यांनी लग्नातला टाय बांधला. दालनात गेले तर समोरच्या भिंतीवर, चौकटीत, काचेमागे, पक्षी बसला होता. खाली ‘बोगुमिल सोसना’ असं लांबून वाचता येईल एवढं ठळक लिहिलेलं. पोलाने त्यांचा दंड धरला आणि सोडला नाही. या क्षणी सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दार उघडलं, आणि रोमुआल्ड डॉक्टर गेनोवेफांना हाताला धरून आत घेऊन आला. त्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. बोगुमिलच्या हे लक्षात होतं. ते जरा जास्तच लक्षात होतं.

डॉक्टरबाईंनी चष्मा बदलला आणि चौकटीखालचा, वर्तुळांचा अर्थ सांगणारा मजकूर शांतपणे शेवटपर्यंत वाचला. दंतवैद्य एक्स-रे बघतात तसा.

“ही नजर वगैरे नाही,” त्या म्हणाल्या. आवाज दवाखान्याचा होता. “ही काकडी. ही पण काकडी. तो कोबी. आणि खालचं चिकट दिसतंय ते आलुबुखार. त्या वर्षी झाकण नीट बसलं नव्हतं.”

संचालक कालिनाबाईंकडे बघू लागले. कालिनाबाई बोगुमिलकडे बघू लागल्या. बोगुमिल पक्ष्याकडे बघू लागले, पण त्याने आधीच मान खाली घातली होती.

“सर?” कालिनाबाई म्हणाल्या.

हा कलावंताचा दृष्टिकोन, असं काहीतरी म्हणता आलं असतं. बोगुमिलना ते वाक्य समोर दिसतही होतं.

“काकडीच आहे,” ते म्हणाले. “मला सांगायचं होतं. पण मग हे खणात गेलं असतं, आणि मी खणात बराच काळ काढलाय.”

संचालकांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे एक नजर टाकली. त्यातून पुढचं सगळं दिसत होतं. तेव्हा कालिनाबाईंनी, चेहरा लाल झाला असतानाही, एक सरळ प्रश्न विचारला. त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं की सगळ्या गावाने हे पोस्टर केंद्रावर दिलं, मग तुम्ही का नाही दिलं?

“द्यायलाच काढलं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दवाखान्याच्या भिंतीवरून मीच काढलं. ओलं होतं. घरी नेऊन घडी घालायला घेतलं, तर हा असा बसलेला. दिवसभर उभं राहून मी घरी आले होते. म्हटलं, हा पण दमलाय. बसू दे. दमलेल्याला उठवून रद्दीत काय घालायचं? घरात ठेवलं असतं तर नवऱ्याने नेऊन दिलं असतं. म्हणून बरण्यांखाली ठेवलं. बरण्यांना तो हात लावत नसे.”

बोगुमिलना त्या कार्यालयातली ती शेवटची दुपार आठवली. पाचव्यांदा की सहाव्यांदा तोच पक्षी काढत होते. मनगट दुखत होतं, आणि मान कशी काढायची याचा विचारसुद्धा करवत नव्हता. ती खाली आली तशी येऊ दिली. साहेबांनी पंख तपासले, दिशा तपासली, पोतं तपासलं. दमणूक तपासायचं कुणाला सुचलं नाही, कारण ती त्यांच्याही अंगावर होती.

“म्हणजे ते पोस्टर फसलं,” बोगुमिल हळूच म्हणाले.

“साफ फसलं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

कालिनाबाईंनी पर्समधून पेन काढलं, चौकटीखालचा मजकूर आडव्या रेघेने खोडला आणि तिथेच उभ्याने लिहिलं: ‘ही एकमेव ज्ञात प्रत. एका नागरिकेला पक्षी दमलेला वाटला, म्हणून ती वाचली. वर्तुळं: काकडी, कोबी, आलुबुखार.’ संचालकांनी ते वाचलं. त्यांनी घसा साफ केला आणि शिरस्त्याचं नंतर बघू, असं म्हणून ते पेयांच्या टेबलाकडे गेले. पोस्टर भिंतीवर राहिलं. रोमुआल्डने मात्र चाकांचा मुद्दा सोडलेला नाही.

दुसरी अट बाकी होती. बोगुमिल आठवडाभर जाड कागद शोधत हिंडले, मापाने कापून आणला, आणि एका सकाळी पोलाला घेऊन तळघरात उतरले. कागदावर एक राखाडी पक्षी उडत होता. मुळातला. पंख पूर्ण पसरलेले.

डॉक्टरबाईंनी तो उलटासुलटा धरून पाहिला.

“याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं?”

बोगुमिलनी फळीकडे पाहिलं. एका टोकाला भिंत होती, दुसऱ्या टोकाला दार. “दाराकडे,” ते म्हणाले.

तिघांनी मिळून कागद पसरला. पोला बाजूला होऊन बघत राहिली, आणि यावेळी तिने मापाबद्दल काही म्हटलं नाही. मग डॉक्टरबाईंनी काकडीची सगळ्यात मोठी बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि बरोबर पंखावर ठेवली.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “उडून गेला तर परत सूचना लावावी लागेल.”